मुलाच्या शिक्षणाचा परतावा मोजणाऱ्यांसाठी एका चिनी बापाची गोष्ट



मागच्या महिन्यात दुकानदारांच्या बॅचमध्ये खेळत्या भांडवलाचं सत्र संपलं आणि चहा सुरू झाला. हार्डवेअरचं दुकान असलेले एक काका कप घेऊन जवळ आले. हळूच म्हणाले, "सर, एक विचारू? मुलाला आयर्लंडला मास्टर्सला पाठवतोय. दुकानाचा गाळा तारण ठेवून बावीस लाख काढतोय. याचा परतावा किती वर्षांत धरायचा?"

आता आपण ट्रेनर. परतावा म्हटलं की हात आपोआप कॅल्क्युलेटरकडे जातो. व्याज धरलं, हप्ता काढला, तिकडचा अंदाजे पगार धरला, राहण्याचा खर्च वजा केला आणि एक आकडा सांगितला. काकांनी मान हलवली. मग म्हणाले, "आणि तो परत आलाच नाही तर?"

मी म्हटलं, "पैसे तर तिकडूनही पाठवेल की."

काका म्हणाले, "पैशांचं नाही विचारत मी."

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. या विषयावर व्हिडिओत मी पाच-सात मिनिटं बोललोय, पण ते पुरेसं नव्हतं. म्हणून आज सविस्तर लिहितो. माझं मत आधीच सांगून टाकतो: परदेशी शिक्षणाच्या पैशाचा हिशोब बँकेशी ठेवायचा, मुलाशी नाही. मुलाशी दुसरंच काहीतरी ठेवावं लागतं आणि त्याची तयारी आपण अजिबात करत नाही. हे मला शिकवलं चीनमधल्या एका दुकानदार बाईंनी आणि त्यांच्या टेबलावरच्या एका पुस्तकाने.

यीवूच्या बाजारातली मालकीणबाई

माझं गिफ्ट आणि स्टेशनरीचं दुकान आहे. माल बघायला मी एकदा यीवूला गेलो होतो. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, यीवू हे चीनच्या चच्यांग प्रांतातलं शहर. किरकोळ मालाचा जगातला सगळ्यात मोठा घाऊक बाजार तिथे आहे. ७५,००० च्या आसपास गाळे! आपल्याकडे जत्रेत मिळणाऱ्या किचेनपासून ख्रिसमसच्या झाडापर्यंत सगळं तिथून निघतं.

एका गाळ्यात पेन्सिल पाऊच बघत होतो. मालकीणबाई पन्नाशीच्या असतील. भावाची घासाघीस चालू असताना त्यांचा फोन वाजला. वीचॅटवर आवाजी मेसेज आला होता. त्यांनी हातानेच "थांबा" अशी खूण केली, मेसेज ऐकला, दोन-तीन शब्दांत उत्तर बोलल्या आणि पुन्हा भावावर आल्या. माझ्या दुभाष्याने सांगितलं, मुलगी मेलबर्नला अकाउंटिंग शिकते.

टेबलावर कॅल्क्युलेटरच्या बाजूला एक पुस्तक होतं, कडा मऊ पडलेलं. हे काय, असं मी विचारलं. दुभाष्या म्हणाला, "एका बापाने परदेशी शिकणाऱ्या मुलाला लिहिलेली पत्रं. आमच्याकडे शाळेतही वाचायला सांगतात."

मी आपला गमतीत म्हणालो, "विचार त्यांना, मुलीवर किती घातले आणि कधी सुटणार?" धंद्यातली माणसं आपसात असं बोलतातच. बाई हसल्या नाहीत. थोडा वेळ बोलल्या. दुभाष्याने सांगितलं ते असं: मुलीला हा धंदा आवडत नाही. बहुतेक ती परत येणार नाही. मी रोज तिला विचारते, जेवलीस का. ती म्हणते, जेवले. त्याच्यापुढे काय बोलायचं ते मला कळत नाही. म्हणून हे वाचते.

पाऊचचा सौदा झाला, मी परत आलो. पण ते वाक्य डोक्यातून गेलं नाही. आपल्याकडेही हेच आहे ना? व्हिडिओ कॉल लागतो, आई विचारते "जेवलास का", बाबा विचारतात "थंडी आहे का", आणि मग दोन्हीकडे शांतता. मग "बरं, ठेवू का?"

हा खेळ त्यांनी आपल्याआधी खेळलाय

चीनचं उदाहरण कशाला, असं कोणी म्हणेल. सांगतो. अमेरिकेत शिकायला येणाऱ्या परदेशी मुलांत कित्येक वर्षं पहिला नंबर चीनचा होता. २०१९-२० साली तिथे चीनची ३,७२,५३२ मुलं होती. २०२३-२४ मध्ये भारताने त्यांना मागे टाकलं: आपली ३,३१,६०२ आणि त्यांची २,७७,३९८. म्हणजे आता रांगेत सगळ्यात पुढे आपण आहोत. जो दुकानदार आपल्याआधी त्याच गल्लीत बसला होता, त्याचा अनुभव विचारायला लाज कसली?

तिकडची परिस्थिती समजून घ्या. १९८० च्या सुमारापासून २०१५ पर्यंत तिथे एक मूल धोरण होतं. म्हणजे आई-बाप, दोन्हीकडचे आजी-आजोबा अशी सहा मोठी माणसं आणि मध्ये एक मूल. सगळं भांडवल एकाच मालात! त्यात 'गाओकाओ' ही कॉलेज प्रवेशाची परीक्षा. दर जूनमध्ये होते. २०२४ साली तिला १ कोटी ३४ लाख मुलं बसली. एवढ्या गर्दीत चांगल्या विद्यापीठात नंबर लागणं अवघड, म्हणून ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी परदेशाचा रस्ता धरला.

२००० साली तिथे एक पुस्तक आलं, 'हार्वर्ड गर्ल लिऊ यीतिंग'. छंगदू शहरातल्या या मुलीला आदल्या वर्षी हार्वर्डमध्ये पूर्ण शिष्यवृत्तीवर प्रवेश मिळाला होता. तिला जन्मापासून कसं घडवलं हे तिच्या आईने आणि सावत्र वडिलांनी लिहिलं. त्यात चिकाटी वाढावी म्हणून हातात बर्फ धरून ठेवायचा सरावसुद्धा होता. पुस्तकाच्या लाखो प्रती खपल्या आणि पाठोपाठ तसल्याच पुस्तकांची रांग लागली. घराघरांत मुलांच्या हातात बर्फ आला असणार, अशी माझी कल्पना.

मी ट्रेनर आहे, त्यामुळे मला हे लगेच कळतं. लोकांना कृती हवी असते. 'या सात गोष्टी करा आणि दुकान दुप्पट करा' असा व्हिडिओ टाकला की बघणारे वाढतात. मीही टाकलेत, नाकारत नाही. पण मूल म्हणजे दुकान नाही. आणि ती कृती वापरून सगळेच हार्वर्डला गेले असते तर हार्वर्डला जागा पुरली नसती.

पुढे काय झालं तेही बघा. परदेशी शिकून परत येणाऱ्यांना चिनी भाषेत 'हायग्वे' म्हणतात. समुद्रापलीकडून परतलेला असा त्याचा अर्थ, पण उच्चार अगदी समुद्री कासवासारखा. म्हणून लोक त्यांना कौतुकाने 'कासव' म्हणू लागले. सुरुवातीला कासवांना भाव होता. मग परतणारे इतके वाढले की काहींना नोकरीची वाट बघत घरी बसावं लागलं. त्यांना नवीन नाव पडलं, 'हायदाय'. याचा अर्थ परतून वाट बघणारा, पण उच्चार समुद्रातल्या शेवाळासारखा. कासवाचं शेवाळ झालं. परताव्याची गणितं अशी बाजारावर अवलंबून असतात. पाच वर्षांनी तिकडचा व्हिसा कसा असेल, इकडची नोकरी कशी असेल, हे तुम्ही-आम्ही आज सांगू शकत नाही.

म्हणून मला हार्वर्डवाल्या पुस्तकापेक्षा मालकीणबाईंच्या टेबलावरचं पुस्तक जास्त कामाचं वाटतं. परत आल्यावर मी त्या पत्रांबद्दल इंग्रजीत जे जे सापडलं ते वाचत गेलो.

फू लेई नावाचा बाप

या बापाचं नाव फू लेई. जन्म १९०८, शांघायजवळचा. चार वर्षांचे असताना वडील गेले, आईने एकटीने आणि फार कडक शिस्तीत वाढवलं. तरुणपणी ते स्वतः पॅरिसला शिकून आले. परत येऊन बाल्झाक, रोमाँ रोलाँ अशा फ्रेंच लेखकांची चिनीत भाषांतरं करू लागले. नोकरी नाही, महिन्याचा पगार नाही, जेवढं काम तेवढे पैसे. म्हणजे एका अर्थाने तुमच्या-आमच्यासारखे स्वतःच्या गल्ल्यावर जगणारे.

त्यांचा थोरला मुलगा फू त्सुंग, जन्म १९३४. पोरगा पियानोत हुशार निघाला. बापाने त्याला शाळेतून काढलं आणि घरीच शिकवायला घेतलं. जुने चिनी ग्रंथ स्वतः निवडून शिकवले, पियानोसाठी चांगले मास्तर लावले. आणि मारलंसुद्धा. हे लपवायचं कारण नाही, कारण त्यांनी स्वतःच ते लपवलं नाही. तासन्तास बसवायचं, चुकलं की शिक्षा. १९५३ च्या सुरुवातीला बीथोवनच्या सोनाटांवरून बाप-लेकाचं एवढं कडाक्याचं भांडण झालं की मुलगा काही काळ घर सोडून गेला.

१९५४ च्या जानेवारीत फू त्सुंग घराबाहेर पडला. आधी बीजिंगला तयारी, मग त्याच वर्षी पोलंडला पियानोच्या शिक्षणासाठी. सरकारने पाठवलं होतं. म्हणजे बापाच्या डोक्यावर फीचा हप्ता नव्हता, हे आपल्या आणि त्यांच्या परिस्थितीतलं अंतर मी मान्य करतो.

गाडी सुटली, बाप घरी आला आणि लगेच पत्र लिहायला बसला. त्या पहिल्या पत्रांत काय असेल? अभ्यास कर, वेळ वाया घालवू नको? तसं नाही. त्यांनी लिहिलं की मी तुला वाईट वागवलं, लहानपणी तुझ्यावर अन्याय केला आणि ती टोचणी माझ्या मनातून जात नाही. मुलगा वीस वर्षांचाही नव्हता तेव्हा.

मी हे वाचलं त्या दिवशी दुकानात बसून होतो आणि खरं सांगतो, पुढचं गिऱ्हाईक आलं तरी मला दोन मिनिटं काही सुचलं नाही. आपल्याकडे बाप मुलाची माफी मागतो का? मुलगा विमानात बसेपर्यंत आपण त्याला सूचनाच देत असतो. पासपोर्ट कुठे ठेवला, पाकीट कुठल्या खिशात, पोचलास की फोन कर.

पत्रांत काय होतं?

१९५४ पासून १९६६ पर्यंत ही पत्रं चालली. मुलगा किती वेळा उत्तर देतो याची वाट न बघता बाप लिहीत राहिला. तो लवकर उत्तर देत नाही अशी तक्रारही आहे बरं का, पुन्हा पुन्हा आहे. (हे वाचून मला जरा बरं वाटलं. 'ब्लू टिक दिसतेय पण रिप्लाय नाही' हे दुःख जुनं आहे.) आई चू मेइफू या पत्रांच्या नकला उतरवून ठेवायच्या.

पत्रांत अगदी बारीक गोष्टी आहेत. एका पत्रात बाप सांगतो: तुला दोन सवयी आहेत, कोणाच्या घरी गेलास की कोट काढतोस पण गळ्यातला रुमाल तसाच ठेवतोस, आणि हात सारखे खिशात घालतोस. युरोपात हे दोन्ही चालत नाही. हे सांगायला बापाचं मुलाकडे किती लक्ष असावं लागतं बघा. 'नीट राहा' हे वाक्य कोणीही म्हणतं. कुठली सवय आणि ती तिथे का खटकेल, हे फक्त त्याला ओळखणारा माणूस सांगू शकतो.

आपण एवढी लांब पत्रं का लिहितो हेही त्यांनी मुलाला सांगितलं होतं. त्याचा सारांश असा: मला तुझ्याशी कलेबद्दल, संगीताबद्दल बोलायला बरोबरीचा माणूस हवाय. तुझ्यासारख्या तरुणाचं काय चाललंय ते कळलं तर मलाही नवं काही मिळतं. तुला लिहायची आणि विचार करायची सवय लागावी. आणि मी तुझ्यासमोर आरशासारखा असावा, जिथे चुकशील तिथे तुला दिसावं.

यातलं पहिलं आणि दुसरं कारण परत वाचा. बाप म्हणतोय, मला तुझ्याकडून शिकायचंय.

१९५५ मध्ये वॉर्सात शोपँ स्पर्धा झाली आणि फू त्सुंग तिसरा आला. दुसरा कोण होता? अश्कनाझी, जो पुढे जगभर गाजला. शोपँच्या 'माझुर्का' या पोलिश नाचाच्या रचना उत्तम वाजवण्याचं खास बक्षीसही या चिनी पोराला मिळालं. घरी केवढा आनंद झाला असेल! पण पत्रांचा सूर बदलला नाही. माणूस म्हणून नीट राहणं आधी, कलाकार त्यानंतर आणि पियानोवादक सगळ्यात शेवटी, हीच बापाची शिकवण राहिली.

आणखी एक गोष्ट. फू लेईंनी कलेच्या तत्त्वज्ञानावरचा एक मोठा फ्रेंच ग्रंथ चिनीत आणला होता. तो छापून यायला वेळ होता. मुलाला त्यातलं ग्रीक शिल्पांवरचं प्रकरण उपयोगी पडेल असं वाटलं, म्हणून त्यांनी ते साठ हजारांहून जास्त अक्षरांचं प्रकरण हाताने उतरवून काढलं आणि मुलाला पाठवलं. पियानो वाजवणाऱ्या मुलाला शिल्पकला कशाला? कारण बापाला वाटत होतं की याला फक्त बोटं चालवता येऊन भागणार नाही. आपण मुलाला काय फॉरवर्ड करतो ते आपलं आपण आठवू या.

आणि मग हिशोब फिसकटला

आता मूळ प्रश्नावर येतो. परत आलाच नाही तर?

फू लेईंच्या बाबतीत नेमकं तेच झालं. १९५७ पासून चीनमध्ये विचारवंतांची धरपकड सुरू झाली. १९५८ मध्ये फू लेईंवर 'उजवे' असा शिक्का बसला. त्या काळात हा शिक्का म्हणजे काम, नाव, मित्र सगळंच धोक्यात. त्याच वर्षाच्या शेवटी मुलाचं पोलंडमधलं शिक्षण संपत आलं आणि तो घरी परतण्याऐवजी लंडनला निघून गेला. पुढे त्याने सांगितलं की परत गेलो असतो तर बापाने मुलाविरुद्ध आणि मुलाने बापाविरुद्ध बोलायची वेळ आणली गेली असती.

सरकारी पैशाने शिकलेला मुलगा पळून गेला, तोही 'उजव्या' बापाचा. घरावर काय वेळ आली असेल याची कल्पना करा. सुमारे दहा महिने बापाकडून पत्र गेलं नाही. या दहा महिन्यांबद्दल मी फार विचार केलाय. राग असणार, भीती असणार, लोक काय म्हणतात हे असणार. 'ज्याच्यासाठी एवढं केलं त्याने तोंडाला काळं फासलं' हे वाक्य आपण आपल्या गल्लीतही ऐकलंय.

१९५९ च्या ऑक्टोबरमध्ये पत्र पुन्हा सुरू झालं. दुखावलेला बाप त्यात दिसतो. देशाची इज्जत राख, असा आग्रहही दिसतो. पण पत्रं सुरू झाली. पुढच्या वर्षी मुलाने मोठे व्हायोलिनवादक येहुदी मेनुहिन यांच्या मुलीशी लग्न केलं. तर बाप सुनेलाही तिला समजेल अशा भाषेत लिहू लागला. पैसा जपून वापरा, एकमेकांना समजून घ्या, कामासाठी तब्येत मोडू नका. १९६४ मध्ये नातू झाला. तो नातू आजी-आजोबांनी कधीच पाहिला नाही. मुलगाही १९५८ नंतर त्यांना पुन्हा भेटला नाही.

१९६६ मध्ये सांस्कृतिक क्रांती सुरू झाली. ऑगस्टच्या अखेरीस रेड गार्ड घरात घुसले, दिवस-रात्र झडती आणि अपमान चालला. ३ सप्टेंबरला फू लेई आणि चू मेइफू या दोघांनी राहत्या घरी आपलं आयुष्य संपवलं.

जाण्यापूर्वी त्यांनी मेव्हण्याच्या नावे चिठ्ठी लिहिली. त्यात हिशोब होता. सप्टेंबरचं घरभाडं ५५.२९ युआन, रोख ठेवलंय. घरकाम करणाऱ्या बाईंना पुढची सोय होईपर्यंत ६०० युआनची ठेवपावती. आमच्या दहनाच्या खर्चासाठी ५३.३० युआन.

मी दुकानदार आहे. रोज रात्री गल्ला मोजतो, उधारीची वही बघतो. एवढ्या वाईट रात्रीसुद्धा पैशापैशाचा हिशोब चुकता करून कोणाचं देणं न ठेवता गेलेला माणूस मला दुसरा माहीत नाही. म्हणजे याला हिशोब कळत नव्हता असं कोणी म्हणू नका. कळत होता. घरमालकाचा, कामवाल्या बाईंचा, स्मशानाचा, सगळ्यांचा हिशोब त्याने केला. आणि ज्या मुलापायी घरादारावर संकट वाढलं, त्याला बारा वर्षांत बिल पाठवलं नाही.

१९७९ मध्ये सरकारने चूक मान्य केली, फू लेईंचं नाव पुन्हा सन्मानाने घेतलं गेलं आणि फू त्सुंग आई-वडिलांच्या स्मरणसभेला मायदेशी आला. १९८१ मध्ये पत्रांचं पुस्तक निघालं. ती जमवली धाकट्या मुलाने, फू मिनने, जो चीनमध्येच राहिला आणि आयुष्यभर शिक्षक म्हणून काम करत होता. फू त्सुंग २०२० च्या डिसेंबरमध्ये लंडनमध्ये कोविडने गेला.

देव्हाऱ्यात बसवू नका

आता सावधगिरीची सूचना. फू लेईंना आदर्श पिता वगैरे करून फ्रेम करू नका. मुलाला मारणारा बाप होता तो. नंतरची पत्रंही कधी कधी गुदमरवून टाकतील अशी आहेत. कुठला रुमाल, किती तास सराव, खर्च किती, सगळीकडे बापाचा डोळा. धाकट्यालाही संगीत शिकायचं होतं, तर बापाने त्याला सांगितलं की तू शिक्षक हो. या घरातली एक वाट उजळली आणि दुसरी बापाने ठरवून बंद केली, हेही खरं आहे.

चीनमध्येही हे पुस्तक अनेक घरांत मुलाला अभ्यासाला बसवायचं आणखी एक हत्यार म्हणून आणलं जात असेल, अशी मला शंका आहे. कारण आपण आई-बाप कुठल्याही गोष्टीतून 'मुलाने काय करावं' तेवढंच उचलतो. या पुस्तकात मला दिसतं ते 'बापाने काय करावं'.

मग आपण काय करायचं?

मी काकांना जे सांगायला हवं होतं ते आता सांगतो.

पहिलं, कर्जाची वही मुलासमोर उघडा. किती काढलं, व्याज किती, हप्ता कधी सुरू, तो कोण भरणार आणि नोकरी लागायला वर्ष गेलं तर काय, हे कागदावर लिहा आणि दोघांनी सह्या करा. व्यवहार व्यवहारासारखा करा. तो नीट झाला की मग 'तुझ्यासाठी आम्ही गाळा गहाण टाकला' हे वाक्य प्रत्येक फोनवर म्हणायची गरज उरत नाही. माझा अनुभव सांगतो, ज्या घरात पैशाचं स्पष्ट बोलणं होत नाही, तिथे ते टोमण्यातून होतं.

दुसरं, 'परत आला नाही तर' हे विमानतळावर जायच्या आधी बोला. दुकान कोण बघणार, बघणार की विकणार, म्हातारपणी आम्ही कुठे. मुलाच्या तोंडावर विचारा आणि त्याचं खरं उत्तर ऐकायची तयारी ठेवा. तो "येणार" म्हणाला आणि चार वर्षांनी बदलला, तरी निदान तुम्ही एकदा मोकळे बोललेले असाल.

तिसरं, काही माफी बाकी असेल तर ती आधी द्या. दहावीच्या मार्कांवरून चारचौघांत काढलेली अब्रू, चित्रकलेची वही फाडलेली, दुसऱ्याच्या पोराशी केलेली तुलना. तुम्ही विसरलात, तो विसरलेला नाही. आपल्या धंद्यात जुनी येणी वसूल होत नाहीत, पण जुनी देणी कधीही फेडता येतात.

चौथं, आठवड्यातून एकदा काहीतरी खरं सांगा. लिहिता येत नसेल तर आवाजी मेसेज करा. त्यात सूचना नकोत. दुकानात काय झालं ते सांगा. मॉलमुळे कुठला माल बंद पडला, कुठल्या गिऱ्हाइकाने फसवलं, तुम्हाला काय जमलं नाही. आणि त्याच्या विषयातलं काहीतरी विचारा, परीक्षा घ्यायला नाही, समजून घ्यायला. तो सप्लाय चेन शिकत असेल तर म्हणा, "बाबा रे, आपल्या गोडाऊनमधला मरतुकडा स्टॉक कसा ओळखायचा ते सांग." पहिल्या तीन वेळा उत्तर येणार नाही. फू लेईंनाही येत नव्हतं.

एक आक्षेप येईल, मला माहीत आहे. "सर, ते विद्वान होते. त्यांना ग्रीक शिल्पांवर बोलता येत होतं. आम्ही खिळे-स्क्रू विकणारी माणसं, पोराला काय सांगणार?" माझं उत्तर असं की फू लेईंनी मुलाला स्वतःच्या कामातलं दिलं. ते भाषांतर करत होते म्हणून भाषांतर उतरवून पाठवलं. तुमच्याकडे तीस वर्षांचा बाजार आहे. उधारीवर माल देताना माणूस कसा ओळखायचा, मंदीत दुकान कसं उघडं ठेवायचं, हे तुमच्या मुलाला तिकडचा कुठला प्रोफेसर सांगणार आहे?

काकांना मी हे सगळं नंतर फोनवर सांगितलं. ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "हे कर्जापेक्षा अवघड आहे, सर." मी म्हटलं, "हो. याला तारण पण चालत नाही."

त्या यीवूच्या बाईंचं पुढे काय झालं मला माहीत नाही. पाऊचची दुसरी ऑर्डर मी त्यांनाच दिली, ती दुभाष्यामार्फत. त्यात शेवटी एक ओळ घालायला सांगितली होती, मुलगी कशी आहे. उत्तर आलं: बरी आहे, तिने मला हिशोबाचं एक नवीन सॉफ्टवेअर शिकवलं, आता रोज अर्धा तास बोलतो.

तुमचं मूल बाहेर शिकत असेल, देशाबाहेर किंवा नुसतं पुण्याला, तर खाली कमेंटमध्ये एवढंच लिहा: "जेवलास का" याच्यानंतर तुम्ही काय बोलता? मी सगळ्या कमेंट वाचतो, आणि या वेळी मलाच शिकायचंय.